दोन मायक्रॉनचे चिलखत

जळगावच्या अजिंठा चौफुलीवर किंवा धुळ्याच्या पारोळा चौफुलीवर एखाद्या गॅरेजपाशी दहा मिनिटे उभे राहा. एक वाक्य हमखास कानावर पडेल, "इंजिनात कार्बन धरलाय." गाडी धूर मारते, ओढत नाही, सकाळी लवकर सुरू होत नाही, तक्रार कोणतीही असो, आरोपी ठरलेला. मग मिस्त्री हेड खोलतो, पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडतो, व्हॉल्व घासून बसवतो आणि गाडी पुन्हा रस्त्याला लागते. आमच्या पिढीने कार्बन हा इंजिनाचा शत्रू म्हणूनच ओळखला. मी स्वतः यंत्र अभियांत्रिकी शिकवत असताना कितीतरी वर्षे विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो.

आज मात्र त्याच कार्बनची दुसरी बाजू सांगायची आहे. अलीकडच्या इंजिनांत काही भागांवर कारखान्यातच, मुद्दाम, कार्बनचा एक पातळ थर चढवलेला असतो. तो काळा असतो, चकचकीत असतो आणि पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतो. त्याला इंग्रजी नावावरून डीएलसी, म्हणजे 'डायमंड लाइक कार्बन' म्हणतात. आपण त्याला हिऱ्यासारखा कार्बन म्हणू. हा थर काय आहे, तो काय करतो आणि काय करत नाही, हे गाडीमालकाला आणि मिस्त्रीला दोघांनाही माहीत असणे आता गरजेचे झाले आहे. ते माहीत नसल्यामुळे काय होते, त्याचे एक उदाहरण पुढे येईलच.

आधी घर्षणाचा हिशेब पाहू. फिनलंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रवासी मोटारींसाठी एक मोजदाद प्रसिद्ध केली. तिचा मथितार्थ असा, की गाडीत १०० रुपयांचे इंधन घातले तर त्यातले सुमारे ३३ रुपये घर्षणावर मात करण्यात जातात. यात इंजिन, गिअर, टायर आणि ब्रेक हे सगळे आले. एकट्या इंजिनातल्या घर्षणाचा वाटा साडेअकरा रुपयांच्या आसपास आहे. इंधन पैशाने मोजता येते, पण घर्षणाचा दुसरा खर्च लगेच दिसत नाही. तो म्हणजे झीज. रिंगा झिजतात, सिलेंडर झिजतो, कॅम आणि टॅपेट झिजतात. एके दिवशी इंजिन तेल खाऊ लागते आणि बांधायला काढावे लागते.

झीज कमी करण्यासाठी कार्बनची मदत घेणे हे तसे नवीन नाही. आपल्या विहिरींवर वर्षानुवर्षे डुगडुगलेल्या डिझेल इंजिनांचे सिलेंडर बिडाचे असत. बिडाच्या पोटात कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. तेल कमी पडले तर हे पापुद्रे थोडेफार वंगणाचे काम करतात. ती इंजिने इतके हाल सोसून चालत, त्यामागे हेही एक कारण होते. गंजलेल्या कुलपात पेन्सिलीच्या शिशाची पूड घालण्याची युक्तीही याच तत्त्वावरची. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजेच कार्बन.

ग्रॅफाइटही कार्बन आणि हिराही कार्बन, मग एक बोटाला काळे करणारा मऊ आणि दुसरा काच कापणारा, हे कसे? फरक अणूंनी एकमेकांचे हात कसे धरले आहेत यात आहे. हिऱ्यात प्रत्येक अणू चहूबाजूंच्या चार शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो, त्यामुळे कुठूनही सरकायला वाव नाही. ग्रॅफाइटमध्ये अणू एकाच पातळीत तीन शेजाऱ्यांना धरतात. त्यांचे पत्रे बनतात आणि हे पत्रे पत्त्यांच्या जोडाप्रमाणे एकमेकांवरून घसरतात. हिऱ्यासारख्या कार्बनमध्ये या दोन्ही प्रकारच्या जोडण्या एकत्र, वेड्यावाकड्या गुंफलेल्या असतात आणि बहुतेक वेळा त्यांत हायड्रोजनही मिसळलेला असतो. परिणामी त्याला काठिण्य हिऱ्याच्या बाजूचे मिळते आणि गुळगुळीतपणा ग्रॅफाइटच्या बाजूचा. कडक केलेल्या बेअरिंगच्या पोलादापेक्षा हा थर साधारण दोन ते चार पट कठीण असतो.

घसरण्याचे म्हणाल तर एक ढोबळ उदाहरण घ्या. तेलाचा थेंबही नसलेल्या पोलादी पृष्ठभागावर दहा किलोचा पोलादी ठोकळा ओढायचा असेल, तर सुमारे सहा किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. मध्ये हा कार्बनचा थर असेल तर एक ते दोन किलोंत काम भागते. पोलादाला पोलाद घासले की दोन्हींची सूक्ष्म टोके एकमेकांना चिकटतात आणि तुटतात. कार्बनच्या पृष्ठभागाला पोलाद तसे चिकटत नाही. शिवाय चालता चालता या थराचा अगदी अंशभर भाग समोरच्या भागावर उतरतो आणि तिथे ग्रॅफाइटसारखा मऊ लेप तयार होतो. मग कार्बनवर कार्बन घसरू लागतो.

असा थर प्रयोगशाळेत मिळाल्याचे अमेरिकेतील आयझेनबर्ग आणि शॅबो या दोघांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले आणि 'हिऱ्यासारखा' हे विशेषण तेव्हापासून रूढ झाले. पुढे तो शर्यतीच्या गाड्यांत आला आणि नंतर नेहमीच्या वाहनांत. निस्सान या जपानी कंपनीने २००६ च्या सुमारास आपल्या काही पेट्रोल इंजिनांच्या व्हॉल्व लिफ्टरवर तो वापरला. आता टॅपेट, पिस्टन पिन, काही रिंगा आणि डिझेल इंजेक्टरचे आतले भाग ही त्याची नेहमीची ठिकाणे झाली आहेत.

हा थर चढवतात कसा, हे ऐकले तर खानदेशातल्या माणसाला एक ओळखीची गोष्ट सापडेल. केळी पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, पण कार्बाइड म्हणजे काय हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. वेल्डिंगच्या दुकानातल्या गॅसच्या ज्योतीतही हाच वायू जळतो. ऑक्सिजन कमी पडला की ती ज्योत काजळी ओकते. ॲसिटिलीनमध्ये कार्बन भरपूर असतो, त्याची ही काजळी. तोच वायू निर्वात केलेल्या पोलादी कक्षात अगदी अल्प प्रमाणात सोडतात आणि विजेच्या जोरावर त्याचे अणू-रेणू फोडून विद्युतभारित करतात. आत टांगलेल्या भागांना ऋणभार दिलेला असतो, त्यामुळे हे कण वेगाने येऊन त्यांवर आदळतात. हळूच बसले असते तर त्यांची काजळी झाली असती. जोराने आदळल्यामुळे ते एकमेकांत दाबले जातात आणि हिऱ्याच्या धर्तीवर हात धरतात. म्हणजे वायू तोच, कार्बनही तोच, फक्त बसण्याची रीत वेगळी.

हे सारे साधारण दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसच्या आत होते, हे महत्त्वाचे. जास्त तापवले तर खालच्या पोलादाला दिलेला कडकपणाच उतरेल. काम चालते काही तास आणि एवढ्या खटाटोपानंतर हाती येणारा थर असतो एक ते पाच मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साठ-ऐंशी मायक्रॉनचा असतो. म्हणजे दोन मायक्रॉनचा थर केसाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाइतका.

एवढा पातळ थर टिकतो कसा? त्याचे उत्तर आपल्या रस्त्यांवर आहे. मुरूम आणि खडी नीट न दाबता वर डांबर ओतले तर पहिल्याच पावसाळ्यात ते उखडते. इथेही तसेच आहे. कार्बनचा थर थेट पोलादावर नीट धरत नाही. त्याच्या आत मोठा ताण असतो आणि तो सुटायला पाहतो. म्हणून आधी भाग आरशासारखा घासतात, निर्वातात त्यावर आरगॉन वायूच्या कणांचा मारा करून तो स्वच्छ करतात, मग क्रोमियमसारख्या धातूचा अस्तर-थर देतात आणि शेवटी कार्बन चढवतात. पाया बिघडला की वरचा थर पापुद्रा सुटावा तसा सुटतो. असे थर चढवून देणारी केंद्रे महाराष्ट्रातही आहेत. पुण्याजवळ भोसरीला ओर्लिकॉन बाल्झर्स या कंपनीचे असे केंद्र आहे. पण हे काम लेथच्या दुकानात होण्यासारखे नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता सर्वांच्या मनातला प्रश्न. याने ॲव्हरेज किती वाढते? मघाच्या हिशेबावरून पाहू. इंजिनातल्या साडेअकरा रुपयांच्या घर्षणापैकी व्हॉल्व चालवणाऱ्या यंत्रणेचा वाटा सुमारे १५ टक्के धरतात. म्हणजे शंभर रुपयांमागे पावणेदोन रुपये. समजा कार्बनच्या थराने त्यातले ४० टक्के घर्षण वाचवले, तरी थेट बचत झाली सत्तर पैशांची. लाखो गाड्या बनवणाऱ्या कंपनीसाठी आणि देशाच्या तेलाच्या बिलासाठी ही रक्कम मोठी आहे. तुमच्या-माझ्या एका गाडीला मात्र तिने चमत्कार होणार नाही. टायरमधली हवा कमी ठेवून आपण याहून जास्त सहज घालवतो.

मग या थराचा खरा उपयोग कुठे? माझ्या मते डिझेलच्या इंजेक्शन यंत्रणेत, आणि आपल्या भागाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. रावेर-यावलची केळी उत्तरेकडे जातात ती रेल्वेने आणि ट्रकने. गावोगाव पिकअप गाड्या आणि ट्रॅक्टर आहेत. म्हणजे आपला सारा व्यवहार डिझेलवर चालतो. जुन्या ट्रॅक्टरची नोझल साधारण दोनशे ते अडीचशे बार दाबावर उघडे. २०२० च्या एप्रिलपासून देशभर वाहनांना भारत स्टेज सहा हे निकष लागू झाले आणि २०२३ च्या जानेवारीपासून पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांनाही कडक निकष आले. धूर कमी करायचा तर डिझेलचा फवारा धुक्यासारखा बारीक हवा, आणि त्यासाठी दाब वाढवावा लागतो. कॉमन रेल यंत्रणेत तो दोन हजार बारच्या घरात, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोन हजार पट असतो.

एवढ्या दाबाखाली इंजेक्टरची सुई आणि तिचे घर यांच्यात अवघी काही मायक्रॉनची फट असते. त्यात तेल घालायची सोयच नाही; वंगण काय करायचे ते डिझेलनेच. इथे एक नवी अडचण आली. प्रदूषण कमी करण्यासाठी डिझेलमधले गंधक काढत नेले. भारत स्टेज चारमध्ये ते दहा लाख भागांत पन्नास भाग होते, स्टेज सहामध्ये दहाच राहिले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला नैसर्गिक बुळबुळीतपणा देणारे घटकही निघून जातात. तेल शुद्धीकरण कारखान्यात त्यासाठी वेगळे द्रव्य मिसळतात. पण कुणी त्यात रॉकेलची भेसळ केली, तर तो बुळबुळीतपणा पुन्हा कमी होतो. अशा वेळी पोलाद पोलादाला भिडू नये म्हणून कार्बनचा थर ढालीसारखा उभा राहतो. आपल्या शेजारी नाशिकला, सातपूरमध्ये बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा कारखाना आहे. डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर तिथे बनतात. या धंद्यात मायक्रॉनच्या हिशेबाला किती महत्त्व आहे, हे तिथे काम केलेला कोणताही फिटर सांगेल.

आता ते उदाहरण. माझ्या ओळखीच्या एका केळी उत्पादकाची पिकअप गाडी ऐन कापणीच्या दिवसांत धक्के देऊ लागली. गावातल्याच मिस्त्रीने इंजेक्टर काढले आणि खोलले. माणूस हाताचा चांगला, जुनी इंजिने डोळे मिटून बांधणारा. त्याला आतल्या सुईवर काळा थर दिसला. त्याच्या तीस वर्षांच्या अनुभवाने सांगितले, की हाच तो कार्बन. त्याने बारीक पॉलिश पेपर घेतला आणि सुई पांढरी स्वच्छ होईपर्यंत घासली. गाडी सुरू झाली, दोन आठवडे चाललीही. नंतर सुई अडकू लागली, इंजिन ठोकू लागले आणि इंजेक्टरचा संच नवा घ्यावा लागला. त्यात पिकअपच्या मालकाचा त्या खेपेचा नफा तर गेलाच, वर उधारी झाली. मिस्त्रीला मी ती सुई दाखवून सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, काळं म्हणजे घाण, एवढंच आम्हाला शिकवलंय." चूक त्याच्या हाताची नव्हती. त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

ओळखायचे कसे? काजळी मंद, भुरकट दिसते आणि डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याला लागते. चढवलेला थर चकचकीत असतो आणि फडक्याने तो अजिबात निघत नाही. असा भाग दिसला तर पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, ग्राइंडिंग पेस्ट यांना दूर ठेवावे. जुन्या इंजिनाचा मोठा गुण असा, की झिजले तरी बोअर मारून, मोठ्या मापाच्या रिंगा घालून ते पुन्हा उभे राही. दोन मायक्रॉनच्या थराला असे दुसरे आयुष्य नाही. तो आहे तोवर आहे.

त्याचे शत्रूही ओळखून ठेवले पाहिजेत. पहिला शत्रू उष्णता. साधारण तीनशे अंशांच्या पुढे या थराचे बहुतेक प्रकार हळूहळू ग्रॅफाइटकडे झुकतात आणि मऊ पडतात. म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्वसारख्या फार तापणाऱ्या जागी तो सहसा वापरत नाहीत. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांची त्याला तमा नाही. तेल संपलेल्या इंजिनाची मात्र आहे. दुसरा शत्रू चुकीचे तेल. घर्षण कमी करण्यासाठी काही तेलांत मोलिब्डेनमची संयुगे घालतात. कार्बनच्या थराची झीज त्यांतल्या काहींमुळे उलट वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल घालावे.

तिसरा आणि आपल्याकडचा सर्वांत मोठा शत्रू धूळ. धुळीत गारगोटीचे कण असतात. गारगोटी पोलादापेक्षा कठीण, पण हिऱ्यासारखा कार्बन गारगोटीपेक्षाही कठीण. मग काळजी कशाची? मऊ गादीवर काच ठेवून तिच्यावर खडा दाबून पाहा. काच खड्यापेक्षा कठीण असली तरी तडकते, कारण खालची गादी दबते. इथे थर काचेसारखा आणि खालचे पोलाद त्या मानाने गादीसारखे. एकदा तडा गेला, की सुटलेले कठीण तुकडेच कानशीसारखे काम करू लागतात. म्हणजे ज्याने राखायचे तोच ओरबाडू लागतो.

आणि इथे मला आपल्या शेतकऱ्यांची गंमत वाटते. जळगाव जिल्हा ठिबक सिंचनाचे माहेरघर. ठिबकचा फिल्टर साफ केला नाही तर ड्रिपर बंद पडतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते. रोज सकाळी न चुकता फिल्टर धुणारा हाच शेतकरी ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओततो ते उघड्या पिंपातून, धुळीने भरलेल्या नरसाळ्यातून, अंगावरच्या उपरण्याने गाळून! ड्रिपरपेक्षा इंजेक्टरची छिद्रे कितीतरी बारीक असतात आणि आतली फट त्याहूनही बारीक. उपरण्याच्या विणीतून जाणारा कण तिथे डोंगराएवढा असतो.

तेव्हा उपाय साधेच आहेत. डिझेल शक्यतो पंपावरून थेट टाकीत भरावे. पिंपात ठेवायचेच असेल तर झाकण घट्ट असावे, पिंप काही तास हलवू नये आणि तळाचे चार बोटे डिझेल वापरू नये, कारण पाणी आणि गाळ तिथेच बसतो. डिझेल फिल्टर वेळेवर आणि चांगल्या दर्जाचा बदलावा, त्याखालचे पाणी सोडण्याचे बटण वापरावे. एअर फिल्टर झटकून पुन्हा बसवण्याची सवय सोडावी. आणि सुटे भाग घेताना नुसत्या काळ्या रंगाला भुलू नये. काळा मुलामा चढवलेला प्रत्येक भाग डीएलसीचा नसतो. तीच गोष्ट तेलात ओतायच्या बाटल्यांची. 'आतून हिऱ्याचा थर चढेल' असे कुणी सांगितले तर मघाचा तो निर्वात कक्ष आठवावा. तो थर बाटलीतून येत नाही.

शेवटी एक विनंती आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतल्या माझ्या सहकाऱ्यांना. आपल्या भागातले मिस्त्री पुस्तकांतून शिकलेले नाहीत. उस्तादाच्या हाताखाली पाने देता देता ते शिकले आणि त्यांच्याच जिवावर इथली शेती आणि वाहतूक चालते. त्यांचे हात आजही तितकेच चांगले आहेत. बदलले आहे ते इंजिन. रविवारच्या एखाद्या दिवशी त्यांना बोलावून एक नवी सुई आणि एक घासलेली सुई शेजारी शेजारी ठेवून दाखवली, तरी पुष्कळ काम होईल. 'काळं म्हणजे घाण' हा जुना धडा खोटा नव्हता. त्याच्या जोडीला आता दुसरा धडा द्यायला हवा, की काळ्यातले घाण कोणते आणि चिलखत कोणते, हे आधी पाहा आणि मगच हात लावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)